परदेशी निघालाय? आधी घरात एक कागद ठेवून जावा

विट्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पासपोर्टची अपॉइंटमेंट, व्हिसाचे फॉर्म, तिकिटाच्या प्रिंटा सगळं इथंच होतं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं पहिल्यापासून बाहेर पडलेली, गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यानं देशभर पसरलेली, आणि आता पोरं दुबई-सौदी-कतारला, कुणी जर्मनीत शिकायला, मग त्यांच्याकडं आईवडील दोन-तीन महिने, असं चालूच असतं. प्रत्येकाला मी निघताना चार गोष्टी सांगतो, पण काउंटरवर गर्दी असली की निम्म्या राहतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहितोय.

दोन वर्षांमागं एक मावशी सकाळी मी शटर उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेल्या. हातात साधा मोबाईल, आणि पदराच्या गाठीत मुलाचा एक फोटो, त्याच्या मित्राकडून प्रिंट काढून आणलेला. म्हणाल्या आठ दिवस झाले पोरगं फोन उचलंना, बंदच लागतोय, काहीतरी करा. मी विचारलं कंपनीचं नाव काय, तर म्हणाल्या मोठी हाय म्हणायचा. गाव कुठलं, तर दुबईच्या पलीकडं. पासपोर्ट नंबर, व्हिसाची कॉपी, खोलीवरच्या कुणाचा नंबर, यातलं काहीच नाही. तो फोटो हातात धरून त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला खरंच कळंना पुढं काय टाइप करायचं ते.

नशीब असं की पोरानं व्हिसाची प्रिंट माझ्याकडूनच काढलेली. गिऱ्हाइकांचे स्कॅन मी महिन्याला पुसून टाकतो, त्यावेळी कामाच्या गडबडीत राहिलेलं. त्यात पासपोर्ट नंबर निघाला, कंपनीचं नाव निघालं. मग परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' म्हणून पोर्टल आहे, २०१५ ला सुरू झालेलं, पत्ता मदद डॉट गव्ह डॉट इन, त्यावर मावशींच्या नावानं तक्रार टाकली. तिथं पगार थकला, तुरुंगात आहे, ठावठिकाणा लागत नाही, पार्थिव आणायचं आहे असे वेगवेगळे प्रकार असतात, आपला निवडायचा, आणि तक्रार त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडं जाते. चौथ्या दिवशी फोन आला. पोरगं हॉस्पिटलमध्ये होतं, कामावर पडून पाय मोडलेला, फोन त्यातच फुटला आणि आईचा नंबर पाठ नव्हता.

म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं हेच की मदत परदेशात शोधायची असली तरी तिची तयारी घरात करायची असते. एक साधा कागद घ्या आणि मराठीतच मोठ्या अक्षरात लिहा: पासपोर्टवर जसं आहे तसं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर (एक अक्षर आणि सात आकडे, नीट बघून), व्हिसा कसला आणि कधीपर्यंत, कुठल्या विमानानं, राहणार कुठं, कंपनी किंवा कॉलेजचं नाव, तिथल्या दोन माणसांचे नंबर (एक बरोबर राहणारा आणि एक वेगळा), इन्शुरन्सचा नंबर, आणि तिथल्या दूतावासाचा फोन. त्याला पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि व्हिसाची कॉपी टाचा. हा कागद घरच्या माणसाला वाचून दाखवा, नुसता कपाटात टाकू नका, कारण कपाटात काय आहे हे माहीत नसेल तर तो असून नसल्यासारखा. आणि हेच सगळं फोटो काढून स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवा, घरच्या व्हॉट्सॲपवर पण ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीत किती घरांतली कागदपत्रं भिजून लगदा झाली ते आपण बघितलंय, एकाच जागी भरवसा ठेवायचा नाही. उलट तुमच्या खिशात पण घरचे दोन नंबर कागदावर लिहिलेले पाहिजेत. फोन गेला की आजकाल कुणालाच कुणाचा नंबर येत नाही.

दूतावास आणि कॉन्सुलेट यात लोक गोंधळतात. दूतावास राजधानीत असतो, मोठ्या शहरात कॉन्सुलेट असतं, आणि काम तुम्ही ज्या भागात राहता त्याप्रमाणं वाटलेलं असतं. यूएईत दूतावास अबुधाबीला आणि कॉन्सुलेट दुबईला, सौदीत दूतावास रियाधला आणि कॉन्सुलेट जेद्दाहला. जायच्या आधी त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरून ऑफिसच्या वेळेबाहेरचा इमर्जन्सी नंबर सेव्ह करून घ्या. यूएईत कामगारांसाठी प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे ८००४६३४२. लक्षात ठेवायला सोपा आहे, ८०० नंतर जुन्या फोनच्या बटणांवर 'इंडिया'ची इंग्रजी अक्षरं दाबली की तोच नंबर येतो.

पण जीवावरचं काही असेल तर आधी दूतावास नाही, आधी तिथले पोलीस आणि ॲम्ब्युलन्स. यूएईत पोलीस ९९९ आणि ॲम्ब्युलन्स ९९८, सिंगापूरला पोलीस ९९९ आणि ॲम्ब्युलन्स ९९५, युरोपियन युनियनमध्ये सगळीकडं ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलीस ११० आणि ॲम्ब्युलन्स ११९. थायलंडला टुरिस्ट पोलीस वेगळे आहेत, नंबर ११५५, इंग्रजीत बोलता येतं, टॅक्सीवाल्यानं किंवा दुकानदारानं फसवलं तरी त्यांनाच लावायचा.

पासपोर्ट हरवला तर घाबरून हॉटेलवर बसू नका. आधी पोलीस स्टेशनला जाऊन रिपोर्ट घ्या, तो लेखी घ्या, मग फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स घेऊन दूतावासात जावा. लगेच परत यायचं असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर फक्त एकदा आणि फक्त भारतात यायला चालतं. बऱ्याच देशांत जुन्या पासपोर्टबरोबर व्हिसाचा शिक्का पण गेलेला असतो म्हणून तिथल्या इमिग्रेशन ऑफिसचा कागद लागतो, त्यात एक-दोन दिवस जातात, तर दूतावासात तेही विचारूनच बाहेर पडा. झेरॉक्स जवळ असली की हे सगळं निम्म्या वेळात होतं. पैसे आणि कार्ड मात्र पासपोर्टच्या पाउचमध्ये ठेवू नका, एक कार्ड वेगळ्या बॅगेत. आणि आपलं इथलं सिम रोमिंग चालू करूनच घेऊन जावा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि खात्यात पैसे असून माणूस उपाशी.

आता बॅग भरायची गोष्ट, आणि इथं आमच्या आयाबायांना हात जोडून सांगतो. दिवाळीत दुबईच्या पोराला अनारसे पाठवायचे म्हणून एक काकू डबा घेऊन आलेल्या, कस्टमचा काही फॉर्म लागतो का विचारायला. डबा उघडून दाखवला, तळाला पांढरी खसखस भरपूर लागलेली. यूएई, सौदी, कतारमध्ये खसखस अमली पदार्थात धरतात, कारण ती अफूच्या झाडाची. आपल्याकडं ती किराणा दुकानात मिळते म्हणून आपल्याला काही वाटत नाही, तिथं विमानतळावरच धरतात. गरम मसाल्यात पण खसखस असते, काळ्या मसाल्यात असते, तेव्हा घरचा मसाला देताना त्या पोरासाठी खसखस न घालता वेगळा कुटा. भडंग द्या, शेंगदाण्याची चटणी द्या, बेदाणे द्या, साताऱ्याचे कंदी पेढे द्या, काही अडचण नाही.

औषधांचं पण तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची (जोरदार दुखण्यावरची) गोळी, झोपेच्या गोळ्या, यावर खाडीच्या देशांत कडक नियम आहेत, आधी परवानगी लागते. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत, आणि हॅन्डबॅगेत.

आणि दुसऱ्याचं पार्सल, मग तो सख्खा नातेवाईक का असंना, तुमच्यासमोर उघडून भरलेलं नसेल तर न्यायचं नाही. मुंबईचं एक जोडपं २०१९ मध्ये नातेवाइकानंच दिलेलं पाकीट घेऊन कतारला गेलं, त्यात चरस निघाला, दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळ तिथंच तुरुंगात जन्मलं. इथून पुरावे गेले तेव्हा २०२१ मध्ये सुटले. "तेवढं आमच्या पाहुण्यांना द्या की" म्हणणाऱ्याला नाही म्हणायला आपल्याला जड जातं, मला माहीत आहे, तरी म्हणायचं.

पोलिसांनी धरलं तर काय? आरडाओरडा, हुज्जत, पैसे द्यायचा प्रयत्न यातलं काही करायचं नाही. "माझ्या दूतावासाला कळवा" एवढं सांगायचं. हा तुमचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेला. वाचता येत नाही अशा भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाष्या मागायचा. दूतावासाचा माणूस भेटायला येऊ शकतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. पण तो तुम्हाला सोडवून आणू शकत नाही किंवा तिथला कायदा बदलू शकत नाही, ही समजूत आधीच असू द्या. अगदीच अडकलेल्या आणि पैसा नसलेल्या माणसासाठी दूतावासाकडं भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून आहे, त्यातून राहणं-जेवण, तिकीट, तातडीचा दवाखाना, आणि वेळ आलीच तर पार्थिव घरी पाठवायचा खर्च होतो. तो मागावा लागतो, लेखी अर्ज करावा लागतो, लाजायचं कारण नाही.

नोकरीला जाणाऱ्या पोरांसाठी जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त वाट तिथंच लागते. एजंटचं लायसन्स 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर बघा, नाव आणि नंबर दोन्ही जुळले पाहिजेत, नुसतं भिंतीवर सर्टिफिकेट लावलंय म्हणून विश्वास नाही. त्याला फी जास्तीत जास्त तीस हजार अधिक जीएसटी घेता येते आणि पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख रोख मागणाऱ्याला तिथंच नमस्कार. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून देतो' म्हटलं की समजायचं फसवणूक आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जायच्या आधी सरकारी तपासणी लागते) अशी नोंद असते, त्यांना खाडीतले देश धरून ठराविक देशांत नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते, ती टाळून जाऊ नका, त्यातच तुमचं संरक्षण आहे. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं कव्हर. तिथं गेल्यावर मालकानं पासपोर्ट काढून घेतला तर ते यूएई-सौदीत बेकायदेशीर आहे, निदान फोटो तरी घरी गेलेला असू द्या.

थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, महिना लाख पगार, इंटरव्ह्यू टेलिग्रामवर, अशा जाहिरातीवर गेलेल्या कितीतरी भारतीय पोरांना तिथून सीमेपलीकडं म्यानमारमध्ये म्यावाडीला नेऊन कोंडलंय आणि लोकांना ऑनलाइन फसवायचं काम करून घेतलंय. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल सांगतंय. अशी ऑफर आली तर निघायच्या आधी त्या देशातल्या आपल्या दूतावासाला ईमेल करून कंपनीचं नाव विचारा.

शिकायला गेलेल्यांनी तिथं पोहोचल्यावर दूतावासाकडं नाव नोंदवा, मदद पोर्टलवर विद्यार्थ्यांची नोंदणी आहे. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ऑपरेशन गंगामधून पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियातून पोरांना आणलं. कोण कुठल्या शहरात आहे हे दूतावासाला आधीच माहीत असेल तर शोधाशोध वाचते.

इन्शुरन्स घ्याच, शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) तर ३०,००० युरोचं कव्हर लागतंच. आईवडिलांचा काढताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन लपवू नका, क्लेम तिथंच अडकतो. ॲडमिट व्हायची वेळ आली तर जमेल तितक्या लवकर पॉलिसीवरच्या २४ तास नंबरला फोन.

एक नवीन प्रकार, दूतावासातून बोलतोय, तुमच्या व्हिसात चूक आहे, पैसे भरा नाहीतर डिपोर्ट करतो, असे फोन येतात, कधी स्क्रीनवर दूतावासाचाच नंबर दिसतो. दूतावास फोनवर असे पैसे मागत नाही. फोन ठेवायचा आणि वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः लावायचा.

त्या मावशींचा पोरगा काठी टेकत घरी आला आणि बरा होऊन परत गेला. जायच्या आधी दोघं मिळून दुकानात आले, कागद मी टाइप करून दिला, मोठ्या अक्षरात. मध्ये त्यांच्या घरी गेलेलो तर तो कागद मांडणीच्या कडेला, गॅसच्या नंबराशेजारी चिकटवलेला, वरून प्लॅस्टिक लावलेलं. मावशींना पासपोर्ट नंबर आता पाठ आहे, सात आकडे घडाघडा म्हणून दाखवले, अक्षर तेवढं विचारून घेतात.