मलेरियाची लस कुठं अडते ते घरच्या लॅपटॉपवर कसं बघायचं

सातारा-सांगलीकडं बायोटेक नाहीतर मायक्रो घेऊन बीएस्सी, एमएस्सी करणाऱ्यांना प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर हा घ्या, लॅब नको, किट नको, लॅपटॉप आणि नेट बास. आपल्याकडं पूर ओसरला की फवारणी, ताप आला की आशाताई रक्ताची काच घेऊन जातात, मलेरियाचा विषय तिथंच संपतो. पण लशीला इतकी वर्षं का लागली हे कळायचं असेल तर परजीवीचे सिक्वेन्स (प्रोटीनमधल्या अमिनो ॲसिडांची ओळीनं रांग) स्वतः डोळ्यांनी बघायलाच पाहिजेत.

एनसीबीआय ह्या सिक्वेन्सच्या वेबसाइटवर प्रोटीन सर्चमध्ये जाऊन फॅल्सिपेरम ह्या मलेरियाच्या परजीवीची, लशीसाठी वापरलेली तीन प्रोटीनं काढा, सीएसपी, एएमए१ आणि आरएच५, प्रत्येकाचे वीस-पंचवीस सिक्वेन्स. जातीचं नाव नीट बघा, एएमए१ व्हायव्हॅक्स ह्या मलेरियाच्या दुसऱ्या जातीच्या परजीवीलापण असतं आणि ते मिसळलं की सगळा घोळ. एकाच देशातले घेऊ नका, आफ्रिका, कंबोडिया, पेरू, भारत, जमेल तेवढी सरमिसळ करा. आणि ३डी७ हा स्ट्रेन (फॅल्सिपेरमचा एक वाण) प्रत्येक फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, कारण २००२ साली जिनोम ह्याचाच वाचला आणि बऱ्याच लशीपण ह्याच्यावरनंच बनल्यात. ह्याचं मूळ नेदरलँड्समधल्या विमानतळाजवळच्या एका पेशंटच्या रक्तातलं. मग आफ्रिकेतल्या माली देशातल्या पोराच्या अंगातला परजीवी हुबेहूब तसाच कशाला असेल?

आता मेगा सॉफ्टवेअर (फुकट आहे) उघडा, त्यातलं मसल लावून अलाइन करा (म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून लावा) आणि सुरुवात एएमए१ पासनं करा. एकेक कॉलम वरनं खाली बघत १९७ नंबरच्या जागेला या, तिथं किती प्रकारची अमिनो ॲसिडं दिसतात ती मोजून लिहून ठेवा. असे बदललेले कॉलम भरपूर सापडतील आणि ते बहुतेक बाहेरच्या बाजूला, जिथं अँटिबॉडी येऊन चिकटते तिथंच. ह्याचा फटका काय बसतो ते मालीत दिसलं, ३डी७ च्या एएमए१ वर केलेली लस लहान मुलांना दिली, २०११ मध्ये रिझल्ट आले, एकूण संरक्षण १७ टक्के, पण लशीशी जुळणाऱ्या परजीवीविरुद्ध ६४ टक्के! माझ्या मते रिपोर्टचं पहिलं पान ह्याच आकड्यांचं असावं.

सीएसपीला मधे एनएएनपी ही चार अमिनो ॲसिडं परत परत येतात, किती वेळा ते स्ट्रेनप्रमाणं बदलतं, म्हणून अलाइनमेंट तिथं फाटते. तो भाग कापून शेवटचा तुकडा वेगळा अलाइन करा. आरटीएस,एस आणि पुण्यात सीरम बनवते ती आर२१ ह्या मलेरियाच्या लशी, दोन्हीत थोडे रिपीट आणि हा शेवटचा तुकडा आहे. रिपीटची संख्या बदलली तरी अक्षरं बहुतेक तीच, तुकडा मात्र बदलतो, त्यामुळं आरटीएस,एस पूर्ण पडली नाही पण जुळणाऱ्या परजीवीवर पहिल्या वर्षात साधारण ५० टक्के आणि न जुळणाऱ्यावर ३३ टक्के असा फरक निघालाच.

आरएच५ उघडलं की कॉलम जवळपास सरळ दिसतील. तांबड्या पेशीवरच्या बॅसिजिनला धरायचं काम ह्याचंच, जास्त बदलला तर पेशीत शिरताच येणार नाही, म्हणून सध्या ह्याच्यावर लशीच्या ट्रायल चालू आहेत.

वेळ उरला तर व्हायव्हॅक्सची सीएसपी घ्या, फक्त त्यात रिपीटच मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात, व्हीके२१० आणि व्हीके२४७, तेव्हा आधी दोन फाइली करा, मगच अलाइन करा.