कॅक्टसचा बुंधा मऊ पडला तेव्हा

ऐन पावसाळ्यात माझ्या लाडक्या कॅक्टसचा बुंधा तपकिरी पडला. आधी काडीने दाबून पाहिलं. तो भाग कडक, खरखरीत असता तर वयाचं लक्षण म्हणून सोडून दिलं असतं. पण काडी आत रुतली, म्हणजे कूज. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून चकत्या काढत गेले, दर कापाला सुरी पुन्हा पुसून. चकतीच्या मधोमध दिसणाऱ्या गोल कड्यात तांबूस ठिपका उरला तरी कूज वर चढते, म्हणून गाभा स्वच्छ दिसेपर्यंत थांबले नाही. शेंडा सावलीत, हवेशीर जागी, काप सुकून घट्ट होईपर्यंत ठेवला. मग निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत रोवला. मुळं धरेपर्यंत पाणी जवळजवळ बंद. काट्यांच्या बुडाशी पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारे पांढरे, कापसासारखे दिसणारे किडेही सापडले. ते स्पिरिटच्या बोळ्याने टिपले.