कोवळी बोर्दो-पद्धतीची रेड चाखताना: आधी तुरट आणि कडू वेगळं काढा

गोव्यातल्या हॉटेलांत वाइन सर्व्हिसला नव्याने लागलेली मुलं-मुली पहिल्यांदा अडखळतात ती इथेच. दोन वर्षांची कॅबर्ने-मर्लो (फ्रान्समधल्या बोर्दोच्या पद्धतीने या दोन द्राक्षांची मिळून केलेली रेड वाइन) तोंडात घेतली की तोंड वाकडं होतं आणि शेरा येतो, 'कडू आहे.' बहुतेक वेळा ती कडू नसते, तुरट असते. काजूचं बोंड खाल्ल्यावर हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळते, ते टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं तुरट द्रव्य). कोकमाच्या आगळाने लाळ सुटते, ती आम्लता. कारल्यासारखं जिभेच्या मागे रेंगाळतं तेवढंच कडू. आपल्याकडे तिन्हींना घरचे शब्द आहेत, मग सगळं 'स्ट्राँग' या एका शब्दात कोंबू नका.

आता तापमान. बोर्दोवाले 'खोलीच्या तापमानाला' म्हणतात तेव्हा त्यांची खोली 16 ते 18 अंशांची असते. पणजीत मे महिन्यात खोली तिशी ओलांडते. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास मागे पडतो. बादलीत बर्फाबरोबर पाणीही घाला (नुसत्या बर्फात बाटली नीट भिजत नाही) आणि 12-15 मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये याला तासभर लागतो. फार गार झाली तर टॅनिन आणखी टोचतं, म्हणून थर्मामीटर वापरा, अंदाज नको.

ग्लासात 50 मिली ओता. पावसाळ्यात कपाटातल्या ग्लासांना बुरशीचा वास लागतो, तेव्हा ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. नाहीतर दोष ग्लासाचा आणि बदनामी वाइनची. डासांची कॉइल, गजरा, अत्तर खोलीबाहेर. तिखट हुमण (माशांची आमटी) खाऊन आलात तर अल्कोहोल जास्तच जळजळेल.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा. कोवळ्या वाइनची कड जांभळट दिसते. दोन वर्षांच्या वाइनची कड विटकरी दिसली, शिजवलेल्या फळाचा वास आला आणि बूच वर सरकलेलं असलं, तर बाटली उन्हात तापलेली समजा. आपल्याकडे हा दोष नेहमी डोळ्यांत तेल घालून शोधावा.

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. ओल्या गोणपाटासारखा वास आणि फळ गायब, म्हणजे बुचाचा दोष. तो हवेने जात नाही. काडी पेटवल्यासारखा वास मात्र ग्लास फिरवल्यावर बऱ्याचदा विरतो. मग ग्लास फिरवून पुन्हा हुंगा. पुस्तकातला ब्लॅककरंट इथे कोणी खाल्लेला नसतो, तिथे जांभूळ-करवंद आठवा. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास कॅबर्नेत थोडा असतोच; फळावर चढला तर द्राक्षं नीट पिकली नव्हती. लवंग आणि व्हॅनिला ओकच्या पिंपातून येतात.

घोट 8-10 सेकंद तोंडात घोळवा, थुंका आणि चव किती सेकंद टिकते ते मोजा. पहिल्या घोटावर मत देऊ नका. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे घोटागणिक तोंड कोरडं पडत जातं. चार-पाच वाइननंतर पाणी आणि साधा पाव हवाच.

टॅनिन जास्त असणं हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच, की त्याखाली फळ पुरेसं आहे का आणि टॅनिन बारीक आहे की भरड. डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या लेव्हल 3 च्या परीक्षेत 30 मिनिटांत दोन वाइन, त्या कोणत्या ते न सांगता, चाखून लिहायच्या असतात. तिथे नुसतं 'चांगली' चालत नाही, कारण द्यावं लागतं. उदाहरणार्थ: 'टॅनिन जास्त, बारीक, आम्लता जास्त, जांभळासारखं गडद फळ, ओक त्याच्या खाली, चव लांब. आत्ता पिता येईल, ठेवल्यास सुधारेल.'

शंका राहिली तर अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 17 अंशांवर आणून पुन्हा चाखा. फळ टिकलं आणि टॅनिन मऊ झालं, तर 'सुधारेल' लिहायला हरकत नाही. फळ विरून नुसता तुरटपणा उरला, तर ते वाक्य खोडा.