ड्यूटी संपल्यावर पिस्तूल कुठे ठेवायचं?

नाशिकच्या अकादमीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या उपनिरीक्षकांनो, मी बरीच वर्षं शस्त्रागार सांभाळलंय. त्यातलं हे सांगणं.

गरज नसेल तर पिस्तूल घरी नेऊच नका. रजा आहे, गावी लग्न आहे, मित्रांबरोबर बसायचंय, तर शस्त्र जमा करा, राऊंड म्हणजे गोळ्या मोजून द्या आणि नोंद झाल्याशिवाय हलू नका. लग्नात आनंदाच्या भरात, लोकांचा जीव धोक्यात येईल अशी गोळी झाडणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

न्यावंच लागलं तर घरी पोचल्यावर आधी ते रिकामं करा. खोलीत दुसरं कुणी नको. नळी पक्क्या भिंतीकडे, बोट ट्रिगरपासून लांब. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी काढा, मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढा. क्रम उलटलात तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत झाडायला तयार असलेली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली वरची गोळी आत ढकलते. मग मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच! म्हणून स्लाइड मागे धरून चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा. ट्रिगर दाबून खात्री करायची सवय तर अजिबात लावून घेऊ नका. आपल्या ९ एमएम पिस्तुलाला मॅगझिन नसताना ट्रिगर चालत नाही, त्यामुळे चेंबरमध्ये गोळी असली तरी पिस्तूल रिकामं वाटतं.

वसाहतीतल्या दोन खोल्यांत लोखंडी कपाटाची चावी कुठे असते हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. छोटी पोलादी पेटी भिंतीला बोल्टने घट्ट बसवा. पिस्तूल तिच्यात, मॅगझिन आणि राऊंड दुसऱ्या कुलपात. दोन्ही चाव्या तुमच्या अंगावर. उशीखाली, फ्रिजवर, देव्हाऱ्यामागे नाही.

गाडीतही ठेवू नका. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी रेंजरच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं आणि काही दिवसांतच त्यातल्या गोळीने एका तरुणीचा जीव गेला. पुढे कॅलिफोर्नियाने पोलिसांनाही गाडीतलं शस्त्र कुलपात ठेवणं बंधनकारक केलं. धाब्यावर पिस्तुलाचा पट्टा खिळ्याला अडकवून हात धुवायला जाणारे मात्र आपल्याकडे अजून दिसतात.

एक फार मनापासून सांगतो. झोप उडाली असेल, घरात भांडण पेटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच रात्री पिस्तूल ठाण्यात जमा करा. स्वतः जाववत नसेल तर सहकाऱ्याला बोलवा. कारण सांगायची गरज नाही, आणि घेणाऱ्यानेही विचारू नये. ड्यूटीवरचा जोडीदार गप्प गप्प दिसला तर तुम्हीच पुढे होऊन त्याच्याकडून पिस्तूल मागून घ्या.

बट नंबर, म्हणजे तुमच्या शस्त्राचा ओळख क्रमांक, पाठ असू द्या. शस्त्र सापडत नसेल तर दोन तास घर धुंडाळत बसू नका. लगेच वरिष्ठांना कळवा आणि स्टेशन डायरीत नोंद करा.