मला लॉटरी लागली: स्पॅनिश नाताळात अडकवणारं एक क्रियापद

स्पॅनिशच्या ए-टू, म्हणजे दुसऱ्या, पातळीपर्यंत आलात की नाताळाच्या शब्दांची यादी हाती येतेच. नोचेबुएना म्हणजे २४ डिसेंबरची रात्र, नोचेबिएखा ३१ची, काबालगाता म्हणजे ५ जानेवारीला निघणारी, मुलांना भेटी आणणाऱ्या तीन राजांची मिरवणूक. पाठ करून टाका, अर्ध्या तासाचं काम. यादीपाशी कोणी अडत नाही. अडतं ते ‘तोकार’पाशी, म्हणजे लागणं, वाट्याला येणं, आणि स्पेनचा सण या क्रियापदानेच सुरू होतो.

२२ डिसेंबरला सकाळी माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये सान इल्देफोन्सो शाळेची मुलं लॉटरीचे आकडे गाऊन सांगतात. लोक सहसा तिकिटाचा दहावा हिस्सा घेतात, तो ‘देथिमो’, किंमत २० युरो. पहिलं बक्षीस ‘एल गोर्दो’, म्हणजे लठ्ठ्या: देथिमोमागे ४,००,००० युरो, कर कापून ३,२८,०००. एरवी लॉटरीच्या वाटेला न जाणारेही ऑफिसात देथिमो घेतात, कारण ‘इ सि तोका आकी?’ इथेच लागली आणि आपण एकटेच कोरडे राहिलो तर?

आता सापळा. ‘लॉटरी जिंकलो’ हे इंग्रजी वळण डोक्यात असलं की ‘ए गानादो ला लोतेरिआ’ तोंडून निघतं. कळतं सगळ्यांना, पण कानाला परकं वाटतं. स्पेनमध्ये म्हणतात ‘मे आ तोकादो ला लोतेरिआ’. मला लॉटरी लागली. वाक्य मराठीत तयार पडलेलं आहे, मग वळसा कशाला?

मात्र मराठी तीन पावलांपैकी एकच नीट नेते.

पहिलं पाऊल वचन. शंभर युरो लागले तर ‘मे आन तोकादो थिएन एउरोस’. क्रियापद मला बघत नाही, युरोंना बघतं. मराठीतही तसंच, म्हणून इथे कोणी चुकत नाही.

दुसरं पाऊल लिंग, आणि पाय घसरतो तो इथे. लॉटरी ‘लागली’, बक्षीस ‘लागलं’ ही आपली सवय. लोतेरिआ स्त्रीलिंगी, म्हणून हात आपोआप ‘तोकादा’ लिहितो. चूक! ‘आ’ आणि ‘आन’ ही ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाची रूपं, त्यांच्यामागे येणारं ‘तोकादो’ कधीच बदलत नाही. लॉटरी असो, बक्षीस असो, हजार युरो असोत: तोकादो, तोकादो, तोकादो. लिहून झालं की शेवटचा स्वर पुन्हा तपासा. नियम पाठ असणारेही परीक्षेत इथे गुण घालवतात.

तिसरं पाऊल ‘ले’. ‘मावशीला लागली’मध्ये ‘ला’ एकदाच येतो. स्पॅनिशमध्ये त्याचं काम दोनदा होतं, एकदा सुरुवातीच्या ‘आ’ने, एकदा ‘ले’ने: ‘आ मि तिआ ले आ तोकादो’. ‘ले’ गाळलं की वाक्य लंगडतं. मावशी-काका दोघांना लागली तर ‘लेस’.

घाबरू नका, आठवडाभर मोठ्याने म्हटलं की जीभ वळते. शब्दांची चित्रं दाखवणारी ॲप या कामी येत नाहीत, कारण चित्रात ‘ले’ दिसत नाही. नम्रपणे चूक सोडून देणारा शिक्षकही कामाचा नाही. वाक्य मध्येच थांबवणारा शोधा. ऐकण्याच्या सरावाला सोडतीचं प्रक्षेपण लावा: हजार युरोंची १,७९४ बक्षिसं असल्याने पाचआकडी संख्येमागून ‘मिल एउरोस’ इतक्यांदा येतं की संख्या कानात बसतात. (ते हजार अख्ख्या तिकिटाचे. देथिमोला शंभर.)

नववर्षाच्या स्वागताला बारा द्राक्षं खातात, त्यांचं थोडक्यात. ३१ला मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे आधी चार दुहेरी ठोके पडतात, ते ‘क्वार्तोस’. त्यांवर खाऊ नका. मग बारा ‘काम्पानादास’, साधारण तीन सेकंदांच्या अंतराने. दर ठोक्याला एक द्राक्ष, लहान आणि बिनबियांचं. शुभेच्छा लिहिताना मात्र ‘आन्यो’ (वर्ष) या शब्दातल्या ñ अक्षरावरची लाट विसरू नका. लाटेविना ‘आनो’ उरतं, आणि त्याचा अर्थ गुदद्वार.

६ जानेवारीला मुलांना विचारतात, ‘के ते आन त्राईदो लोस रेयेस?’ राजांनी काय आणलं? त्याच दिवशी ‘रोस्कोन’, म्हणजे कड्याच्या आकाराचा गोड पाव, कापतात. त्यात एक छोटी मूर्ती आणि एक वाळका घेवडा, ‘आबा’, लपवलेला असतो. मूर्ती सापडली तर कागदी मुकुट, आबा सापडला तर रोस्कोनचे पैसे तुम्ही द्यायचे. आबा स्त्रीलिंगी आहे, आधी पुल्लिंगी वाटणारं ‘एल’ लागलं तरी. तेव्हा दाताखाली आला की म्हणा ‘मे आ तोकादो एल आबा’, आणि पाकीट काढताना ‘मे तोका पागार’. पैसे द्यायची पाळी माझी.