छोट्या जातीच्या पिल्लाला शू-शीची शिस्त लावताना

शित्झू, पॉमेरेनियन, चिवावा, माल्टीज अशा छोट्या जातींची पिल्लं शू-शीच्या बाबतीत उशिरा शहाणी होतात. त्यांच्या हुशारीचा यात काही दोष नाही. मूत्राशय लहान, म्हणून फेऱ्या जास्त. दुसरं कारण आपण स्वतः: लॅब्राडॉरच्या पिल्लाने घातलेलं तळं लगेच नजरेत येतं, यांची चमचाभर शू सोफ्यामागे कधी वाळली ते कळतही नाही. पण पिल्लाचा तेवढा सराव होऊन जातो. तेव्हा पहिले काही आठवडे मुख्य काम एकच, भलत्या जागी शू करायची संधी मिळू न देणं.

ढोबळ हिशोब असा की पिल्लू वयाचे महिने अधिक एक इतके तास शू धरू शकतं. छोट्या जातीत ही कमाल मर्यादा समजा आणि तीही झोपेतली. दोन महिन्यांचं पिल्लू जागं असेल तर दर 45 मिनिटांनी ते तासाभराने न्यावंच लागतं. शिवाय झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर 5 ते 30 मिनिटांत, आणि खेळ रंगात आला असताना मधेच. खेळता खेळता पिल्लू अचानक थांबून जमीन हुंगायला लागलं की तुमच्या हातात काही सेकंदच असतात. सुरुवातीला उचलूनच न्या, चालत नेलं तर दारापर्यंत पोचायच्या आत बसतं. थोडं जमायला लागल्यावर मात्र चालत न्या, नाहीतर त्याला वाट कळत नाही आणि दाराशी जाऊन सांगायची सवय लागत नाही.

शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. जेवणही चुकवू नका, इतक्या लहान पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते. दिवसाचं खाणं तीन-चार ठरलेल्या वेळी द्या आणि 15-20 मिनिटांनी भांडं उचला. खाण्याची वेळ पक्की झाली की शीची वेळही अंदाजात येते. रात्रीचं शेवटचं खाणं झोपण्याच्या तीनेक तास आधी. मध्यरात्री एकदा गजर लावून उठा, दिवा मंद ठेवा, लाड नाहीत, खेळ नाही, काम झालं की परत झोप.

जागा कोणती, हे पहिल्याच दिवशी ठरवा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत इतर कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जमिनीवर पिल्लाला सोडणं पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराच्या दृष्टीने धोक्याचं आहे, म्हणून तोवर बाल्कनी, खासगी अंगण किंवा घरात शू शोषून घेणारं पॅड. पुढे गवतावरच न्यायचं असेल तर ट्रेमध्ये गवताचा तुकडा ठेवणं पॅडपेक्षा बरं, कारण पिल्लाची आवड पायाखालच्या स्पर्शावर बसते. पॅडची सवय झालेल्या पिल्लाला पायपुसणंही पॅडच वाटतं. तेव्हा तेवढे दिवस पायपुसणी आणि गालिचे उचलून ठेवा.

पॅड वापरताना हमखास दिसणारा प्रकार: पुढचे दोन पाय पॅडवर, मागचे दोन फरशीवर, आणि शू कडेच्या बाहेर. पिल्लाच्या लेखी ते पॅडवरच उभं असतं. यावर रागावण्यात अर्थ नाही. पॅड मोठं घ्या, साधारण 60 बाय 90 सेंटीमीटरचं, किंवा तीन बाजूंनी काठ असलेल्या ट्रेमध्ये ठेवा. ते खाण्याच्या भांड्यापासून आणि अंथरुणापासून लांब हवं. बदलताना जुन्या पॅडचा थोडासा ओला तुकडा नव्यावर ठेवा, वासाने जागा ओळखू येते. जागा हलवायची तर रोज वीतभर. एका दिवसात खोलीतून बाल्कनीत नेलेलं पॅड पिल्लाच्या दृष्टीने हरवलेलं असतं.

जागेवर नेल्यावर पट्टा आखूड धरून पाच मिनिटं नुसतं उभं राहा. बसायला लागलं की ठरलेला शब्द एकदाच म्हणा, ‘शू कर’ किंवा जो असेल तो. संपताक्षणी, एक-दोन सेकंदांत, अर्ध्या वाटाण्याएवढा खाऊ तिथेच द्या. खाऊ खिशात हवा. तो आणायला स्वयंपाकघरात गेलात तर पिल्लाच्या मते बक्षीस धावत आल्याचं. पहिल्या शूनंतर लगेच आत आणू नका, ही पिल्लं बरेचदा दोन हप्त्यांत करतात. काहीच केलं नाही तर आत आणून 10-15 मिनिटं मांडीवर किंवा क्रेटमध्ये, म्हणजे पिल्लाच्या छोट्या पिंजऱ्यात, ठेवा आणि परत न्या. मोकळं सोडलंत तर शू गालिच्यावर ठरलेली.

क्रेट म्हणजे उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच. मोठा असला की एका कोपऱ्यात शौचालय, दुसऱ्यात शयनगृह. आधी घाणीतच कोंडून राहिलेल्या पिल्लांवर मात्र क्रेटचा हा उपाय चालत नाही. त्यांना जाळीच्या कुंपणात, एका टोकाला पॅड देऊन ठेवा.

चूक डोळ्यांदेखत झाली तर हलकी टाळी वाजवून उचला आणि जागेवर न्या. नंतर सापडली तर फक्त पुसा. नाक घासणं, ओरडणं याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली करतं आणि बाहेर पट्ट्यावर असताना धरून ठेवतं. आधी शू टिपून घ्या, मग शूचा वास मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलंच राहू द्या. अमोनियाचं क्लीनर अजिबात नको, त्याचा वास शूच्या जवळ जातो. फिनाईलने समाधान होतं ते आपल्या नाकाचं.

पाऊस आणि ओलं गवत छोट्या जातींना आवडत नाही, पोट जमिनीला टेकायच्या बेतात असतं. आडोशाची एक कोरडी जागा आधीच तयार ठेवा.

सुरुवातीला पिल्लाला एकाच खोलीत ठेवा, सलग चार आठवडे चूक झाली नाही की आणखी एक खोली उघडा. सहा महिने ते वर्ष लागणं यात नवल नाही. वयात येताना गाडी थोडी मागे जाते, नर पिल्लं टेबलाच्या पायावर तंगडी वर करू लागतात. तेव्हा पुन्हा एका खोलीवर या आणि नसबंदीबद्दल पशुवैद्यांशी बोला. पाहुणे आल्यावर आनंदाने सुटणारी शू वेगळी. तिला शिस्तीचा उपाय लागू नाही, पाहुण्यांनी वाकून लाड न करता दुर्लक्ष करत आत यावं, एवढंच. आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक वारंवार थेंबथेंब करू लागलं, करताना कण्हलं किंवा शूत रक्त दिसलं, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी तपासून घ्या. जमल्यास ताज्या शूचा नमुना स्वच्छ डबीत सोबत न्या.