मे महिन्यात नागपूरहून इन्सुलिन पाठवायचे असेल तर

नागपुरात मार्च लागला की दवा बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य असते: बर्फ जास्त टाका. मी फार्मासिस्ट आहे. गांधीबागेतल्या संदेश दवा बाजारात एका होलसेल फर्ममध्ये थंड माल बांधून बाहेरगावी पाठवायचे काम माझ्याकडे आहे. माझे सांगणे नेमके उलटे आहे. माझ्या पाहण्यात जितका माल उन्हाने गेला, त्याहून जास्त उन्हाच्या धास्तीने टाकलेल्या बर्फाने गेला.

उन्हाने इन्सुलिनची ताकद हळूहळू उतरते. गोठले की ते तिथेच संपते, आणि वितळल्यावर स्वच्छ पाण्यासारख्या इन्सुलिनची शिशी पाहून काही कळतही नाही. हिपॅटायटिस बीची लस उणे ०.५ अंशाच्या आसपास गोठते. डीप फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक उणे २० ला असतो. तो शिशीला चिकटून बसला तर चंद्रपूर यायच्या आत नुकसान होऊन जाते, आणि बाहेर ४५ अंश असले तरी त्यातून सुटका नाही.

म्हणून बांधण्याआधी लेबल वाचा. प्रत्येक वेळी वाचा, पाठ असले तरी. इन्सुलिन, बहुतेक लसी, रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन, अँटी-डी, कार्बोप्रोस्ट, एरिथ्रोपोएटिन अशी इंजेक्शने, हा २ ते ८ अंशांचा आणि गोठू न द्यायचा माल. सर्पदंशावरचे औषध मात्र दोन प्रकारांत येते. द्रवरूप असेल तर २ ते ८, पण सुकवलेल्या पावडरीची शिशी साध्या तापमानाला चालते. गडचिरोलीकडे पावडर जात असेल तर तिच्यासाठी थंड बॉक्समधली जागा अडवू नका. लेबलवर ‘कोल्ड प्लेस’ असेल तर ८ अंशांच्या वर नाही, ‘कूल प्लेस’ असेल तर १० ते २५. या दुसऱ्या गटाकडे कोणी बघत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोत सॉफ्ट जेल कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या) वितळतात. त्यांना बर्फ नको, पण रात्रीची गाडी आणि थर्माकोलचा बॉक्स हवाच.

आता आइस पॅक. पॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर एकेक सुटा मांडा, ढीग करू नका. थोड्या वेळाने कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की पॅक तयार. नुसता बाहेरून ओला दिसला म्हणून उचलू नका, पावसाळ्यात दमट हवेने तो लगेच ओला दिसतो. जेल पॅकमध्ये हा आवाज येत नाही, तो दाबून, वाकवून पाहावा लागतो आणि त्यात अंदाज चुकतो. म्हणून मी साध्या पाण्याचे, घट्ट झाकणाचे प्लास्टिक पॅकच वापरते. आत बर्फ आणि पाणी दोन्ही असतात तोवर पॅक ० अंशाला थांबतो, खाली जात नाही. कामाची गोष्ट एवढीच आहे.

इथे टेम्पोवाले भाऊ हमखास म्हणतात, “मॅडम, बाहेर लय तपून राह्यलं, अन् तुम्ही बर्फ इथंच वितळवून राह्यल्या!” त्यांना मी हिशेब सांगते. एक किलो बर्फ उणे २० वरून ० वर यायला साधारण १० किलोकॅलरी लागतात. तोच बर्फ ० अंशावर पूर्ण वितळायला ८०. म्हणजे टेबलावर पॅक ठेवून आपण ९० पैकी १० आणि वर थोडे गमावतो, बाकीचा गारवा पॅकमध्येच असतो. तेवढ्याच्या बदल्यात माल गोठायचा धोका फार कमी होतो. हा सौदा मला कधीही मान्य आहे.

बॉक्स माल थंड करत नाही, थंड माल थंड राखतो. त्यामुळे माल आधीपासून २ ते ८ मध्ये असलाच पाहिजे आणि रिकामा बॉक्सही रात्रभर थंड खोलीत ठेवलेला हवा. गोदामातला तापलेला बॉक्स घेतला तर थोडा बर्फ थर्माकोल थंड करण्यातच जातो. पॅक खाली, चारही बाजूंना आणि वर लावा. पॅक आणि माल यांच्यामध्ये पुठ्ठा घाला, औषधाच्या खोक्याचा एकही कोपरा पॅकला टेकता कामा नये. पोकळी राहिली तर कागदाचे बोळे भरा. डेटा लॉगर (तापमान सतत नोंदवणारे छोटे यंत्र) मालाच्या मधोमध ठेवा, पॅकवर ठेवला तर तो पॅकचे तापमान सांगेल, औषधाचे नाही. झाकणाला चारही बाजूंनी टेप लावा आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहा: २ ते ८ अंश, गोठवू नये, उन्हात ठेवू नये. इंग्रजी स्टिकर कंपनीसाठी असते. बॉक्स उचलणाऱ्या हमालाला वाचता येईल असे आपण लिहायचे.

किती पॅक लागतील, हे किलोमीटरवर ठरवू नका. चंद्रपूर दीडशे किलोमीटर, पण बॉक्स बंद होण्यापासून तो दुकानदाराच्या फ्रिजमध्ये माल जाईपर्यंतचे तास मोजा. पार्सल ऑफिसची रांग, ट्रॅव्हल्सची डिक्की, स्टँडवरचा मुक्काम, दुकान उघडायची वेळ, सगळे धरा आणि त्याच्या दुप्पट वेळेसाठी बांधा. तुमचा बॉक्स किती तास टिकतो हे बनवणाऱ्याच्या कागदावरून घेऊ नका. रिकाम्या शिश्यांत पाणी भरा, लॉगर ठेवा, नेहमीसारखा बांधा आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवर सावलीत ठेवून बघा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. आपला बॉक्स त्या दुपारी टिकेल का, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच माल पाठवावा.

मग थंडीतही हाच प्रयोग करा. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता. अशा रात्री मे महिन्याइतके पॅक घातलेत तर माल २ अंशांच्या खाली न्यायचीच व्यवस्था केलीत. डिसेंबर-जानेवारीत जवळच्या गावांना मी बर्फ घालतच नाही, फ्रिजमध्ये ५ अंशांवर ठेवलेले पाण्याचे पॅक घालते. त्याने गोठायचा प्रश्नच येत नाही. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा. २ ते ८ च्या मालाजवळ तो कधीही आणू नका.

तारखाही बघा. शनिवारी संध्याकाळी पार्सल सोडू नका, ते रविवारभर कुठेतरी पडून राहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीने इतवारी भरून जाते, त्या दिवशी आमच्या भागातून वेळेवर गाडी निघत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून बांधण्याआधी तिकडे फोन करा. बॉक्स वाटेत आलापल्लीत अडकून पडण्यापेक्षा माल इथे आमच्या फ्रिजमध्ये राहिलेला बरा. त्या इन्सुलिनची वाट पाहणाऱ्या माणसाला उशीर समजावून सांगता येतो, निकामी शिशी समजावून सांगता येत नाही.

थर्मामीटरवर आंधळा भरवसा नको. ३० मे २०२४ च्या सुमारास नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सर बिघडल्याचे सांगितले. तुमचा लॉगरही असा बिघडू शकतो. दरवर्षी त्याचे कॅलिब्रेशन (आकडा बरोबर दाखवतो का, याची तपासणी) करून घ्या. मध्ये शंका आली तर ग्लासात बारीक ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी घालून लॉगरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक (पाणी चालणारे असेल तरच), मधोमध धरा, आकडा ० च्या जवळ थांबला पाहिजे.

घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा: बॉक्स आल्या आल्या उघडा, लॉगर वाचा, वेळ चलानवर लिहा, माल फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नाही, बर्फाच्या कप्प्याखाली नाही, मागच्या भिंतीला टेकवून नाही. लॉगर २ च्या खाली किंवा ८ च्या वर गेला असेल तर माल फेकूही नका, विकूही नका. ‘विक्रीस नाही’ अशी चिठ्ठी लावून २ ते ८ मध्येच वेगळा ठेवा आणि बॅच नंबरसह लॉगरचा पूर्ण आलेख आम्हाला पाठवा. तो आम्ही कंपनीकडे देतो. माल किती तास, किती अंशांवर टिकतो याची चाचणी त्यांच्याकडे असते, त्यामुळे ठेवायचा की परत घ्यायचा हे लेखी कळवणे त्यांचे काम आहे. ते पत्र येईपर्यंत चिठ्ठी काढायची नाही, गिऱ्हाईक समोर उभे असले तरी.